कोड लिहिण्याआधी लेव्हल घ्या

मित्रांनो, पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणावर तुम्ही कधी ना कधी गेला असालच. दरवाजे उघडले की फोटो काढायला गर्दी उसळते, रील बनतात, कणसं भाजली जातात. पुढच्या वेळी गेलात तर धरणाकडे पाठ करून थोडा वेळ कालव्याकडे बघा. वरच्या येलदरी धरणातून पूर्णेचं पाणी सिद्धेश्वरमध्ये येतं आणि इथून कालव्यांतून हिंगोली, परभणी, नांदेड या तीन जिल्ह्यांतल्या शेतांकडे निघतं. कालव्यातलं हे पाणी चालतं ते उतारावर. हा उतार इतका थोडा असतो की नुसत्या डोळ्यांना कळतही नाही.

हा कालवा खोदण्याआधी कुणीतरी तिपाईवर दुर्बीण आणि सोबत पट्टी घेऊन सगळं रान पायी तुडवलं. ठिकठिकाणी लेव्हल घेतली, वहीत आकडे लिहिले, नकाशा काढला. खोदणारे त्यानंतर आले. लेव्हल चुकली असती तर पुढे कितीही चांगलं सिमेंट वापरून उपयोग नव्हता. हेडच्या शेतात पाणी साचलं असतं आणि टेलचा शेतकरी कोरडाच राहिला असता.

कॉम्प्युटरच्या जगात हे लेव्हल घेण्याचं काम करणाऱ्या माणसाला सिस्टीम ॲनालिस्ट म्हणतात. आज त्याच्याबद्दल बोलायचंय. कारण आपल्या भागातल्या कॉलेजांमध्ये ‘आयटीत जायचं’ म्हणजे ‘कोडिंग शिकायचं’ एवढंच समीकरण पक्कं बसलंय. कोडिंग शिकाच. पण कोड कशासाठी लिहायचा, कुणासाठी लिहायचा आणि चुकला तर कुणाचं नुकसान होणार, हे आधी शोधणारा माणूस नसेल तर काय होतं, ते आपल्या आईवडिलांनी सेतू केंद्राबाहेरच्या रांगेत उभं राहून भोगलेलं आहे.

हे काम आलं कुठून?

गंमत म्हणजे या कामाची एक महत्त्वाची सुरुवात चहाच्या दुकानांतून झाली. ब्रिटनमध्ये लायन्स नावाची कंपनी होती. देशभर चहाची दुकानं, सोबत मोठी बेकरी. या कंपनीने ‘लिओ’ नावाचा स्वतःचा कॉम्प्युटर बांधला आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये बेकरीच्या हिशेबाचं नेहमीचं काम त्याच्यावर चालवायला सुरुवात केली. धंद्याचं रोजचं काम कॉम्प्युटरवर करण्याचा जगातला हा सुरुवातीचा प्रयोग. त्या कामाची आखणी करणारे डेव्हिड कॅमिनर हे जगातले पहिले सिस्टीम ॲनालिस्ट मानले जातात. ते मूळचे यंत्रवाले नव्हते. ऑफिसातलं काम कसं चालतं, कागद कुठून कुठे जातो, हे तपासणाऱ्या विभागातून ते आले होते.

त्यांच्या चमूचं एक काम पाहा. प्रत्येक दुकानाला रोज किती पाव, किती केक हवेत, ते कळवावं लागे. रोज सगळ्या दुकानांची पूर्ण यादी कॉम्प्युटरमध्ये भरायची म्हटलं तर भरणाऱ्यांचा जीव जाणार. मग पद्धत ठरली की प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी आधीच नोंदलेली राहील आणि दुकानाची व्यवस्थापिका फोनवर फक्त त्या दिवसाचा बदल सांगेल. साधी गोष्ट आहे, नाही का? पण ती सुचायला दुकानातली रोजची मागणी फारशी बदलत नाही, हे आधी दुकानात पाहावं लागतं.

आता आपल्या शेतात या

लांब कशाला जायचं? तुमच्यापैकी किती जणांनी वडिलांच्या, काकांच्या नावाची ई-पीक पाहणी स्वतःच्या मोबाईलवरून केली आहे? बहुतेकांनी केली असेल. पूर्वी पिकांची नोंद तलाठी गाव नमुना बारामध्ये करायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून, फोटो काढून, ॲपमध्ये नोंद करायची पद्धत सुरू झाली. ही नोंद नसेल तर अतिवृष्टीची मदत, विमा, हमीभावाची खरेदी अशा ठिकाणी अडचण येते. म्हणजे हे ॲप चुकलं तर घरातला पैसा अडकतो.

असं समजा, हे ॲप बनवण्याचं काम तुमच्याकडे आलंय. प्रोग्रामर म्हणेल, सोपं आहे. गट नंबर, पिकाचं नाव, क्षेत्र, फोटो, ‘सबमिट’चं बटण. दोन दिवसांचं काम. पण ॲनालिस्ट आधी सिद्धेश्वरच्या शिवारात येईल आणि प्रश्न विचारायला लागेल.

शेतात रेंज नसेल तर? मग माहिती मोबाईलमध्ये साठली पाहिजे आणि रेंज आल्यावर वर चढली पाहिजे. शेतकऱ्याकडे स्मार्टफोनच नसेल तर? मग एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता आली पाहिजे. एका शेतात एकच पीक असतं हे कुणी सांगितलं? आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर असते, कडेला आणखी काही असतं. एकच रकाना दिला तर माणूस खोटं तरी लिहील किंवा अर्धं लिहील. आणि हळद? हळद लावतात जूनच्या आसपास, निघते जवळपास नऊ महिन्यांनी. फॉर्ममध्ये खरीप आणि रब्बी एवढेच दोन पर्याय ठेवले तर वसमतच्या हळद उत्पादकाने काय निवडायचं? चुकून कापसाऐवजी दुसरंच पीक निवडलं गेलं तर दुरुस्त कसं करायचं? शेत एकाच्या नावावर आणि बटईने कसतो दुसराच, तर नोंद कुणी करायची?

यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं प्रत्यक्ष ॲपमध्ये टप्प्याटप्प्याने आली. २०२२ च्या खरिपात आलेल्या सुधारित ॲपमध्ये मुख्य पिकासोबत दोनऐवजी तीन दुय्यम पिकं नोंदवायची सोय झाली. नोंद केल्यावर ४८ तासांत एकदा ती स्वतः दुरुस्त करता येऊ लागली. सगळ्याच नोंदी तलाठ्याने तपासण्याऐवजी १० टक्के नोंदी तपासायच्या असं ठरलं. पुढे शेतकऱ्यांच्या मदतीला गावपातळीवर सहायक नेमावे लागले. यातला प्रत्येक बदल म्हणजे आधी कुणाला तरी आलेली एक अडचण आहे. काही अडचणी आधी विचारून कळल्या, काही लोकांनी ओरड केल्यावर कळल्या. ॲनालिस्टचं कसब यातच की ओरड होण्याआधी जास्तीत जास्त अडचणी कागदावर याव्यात.

शेवटच्या तारखेला ॲप का हँग होतं, हाही ॲनालिस्टचाच प्रश्न आहे. पेरणी लांबते, पाऊस लागून राहतो, मग सगळे जण शेवटच्या आठवड्यात एकदम नोंदी करतात. सर्व्हरवर रोज सरासरी किती लोक येतील, हा हिशेब इथे कामाचा नाही. सर्वांत गर्दीच्या दिवशी किती येतील, तो धरायला हवा.

एकच शेतकरी, दोन पद्धती

आता आणखी एक उदाहरण घ्या, जे प्रत्येक घराला माहीत आहे. कर्जमाफी. राजकारण बाजूला ठेवू, फक्त पद्धत पाहू.

२०१७ मध्ये दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरायला लावले. घराघरातली माहिती अर्जात भरायची, बँकांकडूनही माहिती मागवायची आणि मग दोन्ही जुळवायची. आधारवर एक नाव, सातबारावर दुसरं, पासबुकावर तिसरं. अर्ज भरणारा केंद्रचालक घाईत, शेतकरी रांगेत. दिवाळीच्या तोंडावर १८ ऑक्टोबरला प्रमाणपत्रं वाटली गेली, पण याद्यांमध्ये घोळ निघाले, एकाच आधार क्रमांकावर अनेक नावं दिसली आणि याद्या पुन्हा तपासायची वेळ आली. दिवाळी गेली, खात्यात पैसे कधी येणार हा प्रश्न अनेक घरांत राहिला.

डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज घेतलाच नाही. कर्जाची माहिती मुळात बँकेकडे असते, ती बँकेनेच भरायची. यादीत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने आधार घेऊन केंद्रावर जायचं, समोर दिसणारी रक्कम बरोबर आहे की नाही ते सांगायचं. पटली नाही तर तक्रारीची वेगळी वाट. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सगळ्या राज्याची यादी एकदम सोडली नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला प्रत्येक जिल्ह्यातल्या फक्त दोन गावांच्या याद्या लावल्या, काय अडतं ते पाहिलं आणि काही दिवसांनी मोठी यादी आली.

ही पद्धतही निर्दोष नव्हती. आयुष्यभर कुदळ-खुरपं धरलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, हे गावात कुणालाही विचारा. पण फरक लक्षात घ्या. माहिती जिथे तयार होते तिथूनच घ्या, माणसाला ‘हे बरोबर नाही’ म्हणायची जागा द्या आणि आधी दोन गावांत करून पाहा. या तीन गोष्टींसाठी कॉम्प्युटर काही वेगळा लागत नाही. लागतो तो विचार, आणि तो कोडच्या पहिल्या ओळीआधी झालेला असावा लागतो.

दोन गावांची ही युक्ती विसरली की काय होतं, ते २०१७ मध्येच मुंबई विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पाहिलं. उन्हाळी परीक्षांच्या १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी स्क्रीनवर तपासायच्या, असं ठरलं. कल्पना वाईट नव्हती. पण एकाच हंगामात सगळ्या शाखांना ती लागू केली गेली. निकाल रखडले, राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली, पुढच्या प्रवेशांसाठी मुलं ताटकळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. सिस्टीम ॲनालिसिसच्या पुस्तकात एक शब्द असतो, पॅरलल रन. म्हणजे नवी पद्धत सुरू करताना काही काळ जुनीही चालू ठेवायची. परीक्षेत दोन मार्कांना येणारा हा शब्द प्रत्यक्षात किती मुलांचं वर्ष सांभाळू शकतो, ते यावरून समजा.

मग यात शिकायचं काय?

पहिलं कौशल्य म्हणजे विचारणं. ‘तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय हवंय?’ असं विचारलं तर कुणीही ‘चांगलं करा’ एवढंच सांगतो. ‘काल सकाळी तुम्ही कामाला बसल्यापासून काय काय केलं?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतो. त्याला मध्येच तोडायचं नाही. तो ‘नेहमी असंच होतं’ म्हणाला की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘नेहमी? एकदाही वेगळं झालं नाही?’ खरी माहिती त्या ‘एकदा झालं होतं’मध्ये दडलेली असते.

दुसरं, पाहणं. लोक सांगतात एक आणि करतात दुसरं. त्यात खोटेपणा नसतो, सवय असते. सोसायटीचा क्लार्क कॉम्प्युटर असूनही टेबलाच्या खणात एक वही ठेवतो. ती वही का ठेवतो, हे शोधा. कॉम्प्युटरमध्ये जे नाही ते त्या वहीत सापडेल.

तिसरं, काढणं आणि लिहिणं. माहिती कुठून येते, कुठे जाते, कोण थांबवतो, याची आकृती काढायची. डेटा फ्लो डायग्राम म्हणतात तो हाच. मग सगळ्या गरजा साध्या, एकच अर्थ निघेल अशा वाक्यांत लिहायच्या. ‘सिस्टीम फास्ट असावी’ हे वाक्य कामाचं नाही. ‘सातबारा मागितल्यावर पाच सेकंदांत दिसावा’ हे कामाचं, कारण ते घड्याळ लावून तपासता येतं. लिहिलेलं पुन्हा त्या माणसाला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, मला बरोबर कळलंय का?

चौथं, तांत्रिक पाया. डेटाबेस, एसक्यूएल, थोडंफार प्रोग्रामिंग, टेस्टिंग. हे हवंच. प्रोग्रामर ‘होत नाही’ म्हणाला तर खरंच होत नाही की करायचा कंटाळा आहे, हे कळायला हवं. खर्च किती, वेळ किती, गावात ते चालेल का, हा हिशेबही यातच आला.

आणि पाचवं, नम्रपणे ‘नाही’ म्हणणं. साहेब म्हणतात पुढच्या महिन्यात उद्‌घाटन आहे, सगळं एकदम सुरू करा. अशा वेळी ‘आधी दोन गावांत करून पाहू’ असं कागदावर मांडून पटवून देणारा माणूस लागतो. हे सगळ्यांत अवघड आहे आणि कुठल्याही क्लासमध्ये शिकवत नाहीत.

आता जरा स्वतःकडे बघा. यातली कितीतरी शिदोरी तुमच्याकडे आधीपासून आहे. घरातले सगळे फॉर्म तुम्हीच भरता. ‘फेर’ म्हणजे काय, बटई कशी चालते, आजोबांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने का आहे, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्यातल्या एसी ऑफिसात बसलेल्या एखाद्या हुशार पोराला ते माहीत असेलच असं नाही. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तुम्ही मागे बसता. इंग्रजी शिकून घ्या, ते लागतंच, पण सिद्धेश्वरच्या शेतकऱ्याशी त्याच्या बोलीत बोलता येणं हीसुद्धा पात्रता आहे, हे विसरू नका. बी.कॉम., बी.ए.वाल्यांनीही ‘हे आपलं नाही’ म्हणू नये. हिशेब समजणारा आणि माणूस समजणारा, दोघांचीही इथे गरज असते.

खोटी आशा मात्र दाखवायची नाही. डिग्री हातात पडताच ‘सिस्टीम ॲनालिस्ट’ची पाटी कुणी देत नाही. बऱ्याच कंपन्यांत आता या कामाला ‘बिझनेस ॲनालिस्ट’ असंही नाव आहे. सुरुवात अनेकदा टेस्टिंग, सपोर्ट किंवा डेटाच्या कामापासून होते आणि लोकांच्या तक्रारी ऐकत ऐकत माणूस तिथवर पोचतो. पण आज एआय मिनिटांत कोड लिहून देतंय, तेव्हा काय लिहायचं हे नेमकं सांगता येणाऱ्याची किंमत वाढणार, हे उघड आहे. चुकीचा प्रश्न विचारला तर एआय चुकीचं उत्तर आणखी वेगाने देईल, एवढंच.

कॉलेजांनाही एक विनंती

‘सिस्टीम ॲनालिसिस अँड डिझाइन’ हा विषय कितीतरी अभ्यासक्रमांत आहे. पण तो कसा होतो, ते तुम्हालाही माहीत आहे आणि सरांनाही. डायग्राम पाठ करायच्या, दहा मार्कांना उतरवायच्या. शेवटच्या वर्षीचा प्रोजेक्ट म्हणजे ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ किंवा ‘हॉस्पिटल मॅनेजमेंट’, तोही मागच्या बॅचकडून घेतलेला किंवा झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळालेला. कव्हरवरचं नाव बदललं की झालं. ज्या लायब्ररीचा प्रोजेक्ट केला तिच्या ग्रंथपालाशी एकदाही न बोलता मुलं पास होतात. हे थांबायला हवं.

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट दिलेत. त्यांचा उपयोग यासाठीच करा. प्राध्यापकांनी कोड मागण्याआधी मुलाखतींच्या नोंदी मागाव्यात. किती जणांशी बोललात, त्यांचं काम किती तास पाहिलंत, कोणती अडचण तुम्हाला आधी माहीत नव्हती, हे विचारावं आणि त्यालाच निम्मे मार्क द्यावेत. आणि मित्रांनो, प्राध्यापकांनी नाही विचारलं तरी तुम्ही स्वतःहून करा.

विषय हवा असेल तर कालव्यावरच आहे. पाणी हवं असलेला शेतकरी नमुना नंबर सातचा मागणी अर्ज भरतो. तो अर्ज कुणाकडे जातो, किती टेबलं फिरतो, थकबाकी कोण पाहतं, पाणी पाळीची यादी कशी बनते, आवर्तन सुटल्यावर चारीच्या शेवटच्या शेताला पाणी पोचलं की नाही याची नोंद कोण ठेवतं? तीन-चार मित्र मिळून एका अर्जाच्या मागे मागे जा. कालवा निरीक्षकांशी बोला, पाणीवापर संस्थेच्या लोकांशी बोला, हेडच्या शेतकऱ्याशी बोला. टेलच्या शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय मात्र परत येऊ नका. सोबत लॅपटॉप नको, वही-पेन पुरे. आल्यावर एका मोठ्या कागदावर त्या अर्जाचा सगळा प्रवास काढा आणि तो कुठे अडतो तिथे लाल पेनाने खूण करा.

ती लाल खूण सापडली की ॲप बनवायचं की नुसता एक रकाना बदलायचा, ते नंतर ठरवता येईल. कदाचित ॲपची गरजच नसेल, तेही निघेल. पण तुमची पहिली लेव्हल तेव्हा घेतलेली असेल. उन्हाळी आवर्तन सुटायच्या आत एकदा जाऊन या.